पांगाऱ्याचं केळं

मुरबाडच्या आमच्या घरी काचेच्या कपाटात एक लाकडी केळं आहे. मावशी सावंतवाडीला दिलेली. ऐंशीच्या दशकात कधीतरी ती माहेरी येताना फळांची एक परडी घेऊन आली. त्यातलं अननस, सीताफळ, मिरच्या सगळं कुठे कुठे गेलं, केळं तेवढं उरलं. हातात घेतलं तर वजन लागत नाही इतकं हलकं. त्याच्या पोटावर धाकट्या भावाच्या दातांचे चार व्रण आहेत. तिथे पिवळा रंग नाही. खालचा पांढरा थर दिसतो, आणि एका व्रणात तर लाकूडच. भाऊ तेव्हा वर्षा-सव्वा वर्षाचा. आई म्हणाली, "त्याला काय ठाऊक, लाकडाचं आहे ते!" आणि केळं वरच्या फळीवर गेलं. तो चार दातांपुरता पिवळा कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही कुणाला.

मलाही ते पुष्कळ उशिरा वाटलं. एका खेळण्याच्या खोक्यावर छापलेली बारीक अक्षरं वाचताना 'शिसे' हा शब्द दिसला, आणि मग त्या पिवळ्याचा माग काढायचा नाद लागला.

माग जातो थेट ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या मुलांच्या इस्पितळात विचित्र रोगी येऊ लागले. पोटात कळा, अंगात रक्त नाही, मनगटं लुळी पडलेली. डॉ. जेफरिस टर्नर यांनी १८९२ साली हे शिशाचं विष असल्याचं सांगितलं. पण लहान मुलांच्या पोटात शिसं जातं कुठून, ते कळेना. कुणी पाण्याकडे बोट दाखवलं, कुणी भांड्यांकडे. बारा वर्षांनी, १९०४ साली, डोळ्यांचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी चोर धरला. क्वीन्सलँडची घरं लाकडी, पुढे कठड्याची पडवी, कठड्याला शिशाचा पांढरा रंग. उन्हाने रंगाची भुकटी व्हायची, पडवीत खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागायची आणि हात तोंडात जायचे. नखं खाणारी मुलं जास्त आजारी पडत. गिब्सन यांचं म्हणणं सहकाऱ्यांच्या गळी उतरायलाही वर्षं गेली. मुलांच्या हाताला लागेल तिथे शिशाचा रंग लावायला बंदी करणारा कायदा क्वीन्सलँडने केला तो १९२२ साली. अमेरिकेने घरगुती रंगाला आणि खेळण्यांना हाच नियम लावायला १९७८ साल उजाडलं. आणि तेव्हाही मर्यादा होती दहा लाख भागांत सहाशे भाग.

शिसं रंगात घालतच का होते? कारण ते चांगलं काम करतं. रंग लवकर वाळतो, एका हातात झाकतो, उन्हापावसात टिकतो. आणि शिशाच्या क्रोमेटसारखा कडक, खणखणीत पिवळा स्वस्तात दुसऱ्या कशाने येत नाही. वर चवीला शिशाचे क्षार किंचित गोड. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं आणि ते मेंदूवर जातं. अमुक इतकं चालेल, अशी त्याची निर्धोक मात्रा जागतिक आरोग्य संघटनेला आजवर सांगता आलेली नाही. आपल्याकडे १९९९ साली जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांत शिसं मर्यादेबाहेर निघालं. त्यातलं बरंचसं पेट्रोलचं होतं. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं. रंगातलं राहिलं.

आता सावंतवाडीला येऊ.

मोतीतलावाच्या काठी राजवाडा आणि जवळच चितारआळी. चितारी मंडळी मूळची गोवा-कारवारकडची, संस्थानच्या आश्रयाने स्थिरावलेली. देवळांतले मखर, पालख्या, लग्नाचे पाट, गंजिफांचे गोल पत्ते आणि पोरांची खेळणी अशी त्यांची कामं. संस्थान गेल्यावर आश्रयही गेला. गंजिफा रंगवणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे एखाद-दुसरे जुने हात उरले होते, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्यापाशी शिकायला बसले आणि १९७१ साली राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं. राजा-राणीने चिताऱ्याच्या हाताखाली कुंचला धरायचा, हे त्या काळातही सोपं नव्हतं.

माझं केळं मात्र राजवाड्यातलं नाही, आळीतलं आहे. ते पांगाऱ्याचं. आमच्याकडे सिद्धगडाच्या पायथ्याला नारिवलीच्या वाटेवर शिशिरात पांगारा फुलतो, अंगभर काटे आणि लालभडक फुलं. पण जळणालाही कुणी त्याला विचारत नाही, लाकूड पोचट म्हणून. सावंतवाडीत त्या पोचटपणालाच मोल आलं. वाळवलेला ओंडका वाकसाने घडवायचा, पटाशीने वळण द्यायचं, पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचं, मग भरणाचा पांढरा हात आणि वर रंग. केळ्याला देठाकडे हिरवी झाक, अंगावर तपकिरी ठिपके. ठिपके देणारी बाई बघितली आहे मी. ती ठिपका मोजून देत नाही, केळं फिरवत जाते आणि कुंचला आपोआप टेकतो.

लाखेचं काम निराळं. ते कातारी करतो. लेथवर भोवरा किंवा भातुकलीचा कुंडा गरगरत असतो आणि रंगीत लाखेची कांडी तो त्यावर दाबून धरतो. घर्षणाने लाख वितळते, लाकडावर चढते. आधी नुसते ओरखडे दिसतात, जणू खडू ओढलाय. मग कातारी केवड्याचं वाळकं पान घेतो आणि फिरत्या लाकडावर घट्ट धरतो, की तोच रंग काचेसारखा चकाकू लागतो. पानाचा चर्रर आवाज येतो आणि लाखेचा गोडसर जळका वास सुटतो. हा रंग लाकडावर नुसता फासलेला नसतो, वितळवून घट्ट चढवलेला असतो. नखाने निघत नाही. दाताने सहसा निघत नाही. पण पांगाऱ्याचं केळं गोल फिरवून लाख चढवता येत नाही, कारण केळं वाकडं. म्हणून फळांवर चिताऱ्याचा कुंचला चालला, आणि पुढे बाजारात तयार तैलरंगांचे डबे मिळू लागल्यावर घोटण्या-कालवण्याचा व्याप वाचला. माझ्या केळ्याचा पिवळा अशाच एखाद्या डब्यातला.

इथे 'जुनं ते सोनं' म्हणून उसासा टाकायची सोय आहे. पण ती घेता येत नाही. जुन्या चित्रकारांच्या आणि लाखकाम करणाऱ्यांच्या पेटीतले मानाचे रंग कोणते? पिवळ्यासाठी हरताळ, लालसाठी हिंगूळ, केशरीसाठी शेंदूर. हरताळ म्हणजे आर्सेनिक, हिंगूळ म्हणजे पारा, आणि शेंदूर म्हणजे शिसंच. नावं आपल्या ओळखीची, देवघरातली, म्हणून ती निरुपद्रवी होत नाहीत. लाख त्यांना धरून ठेवते हे खरं. पण डब्याने विष आणलं आणि आजोबांच्या वाटीत अमृत होतं, असा हिशेब मांडता येत नाही.

आजची खेळण्यांची चाचणी नेमकी याच पेटीला हात घालते. भारतीय मानक आयएस ९८७३, युरोपचं ईएन ७१, आंतरराष्ट्रीय आयएसओ ८१२४. नावं तीन, पण गाभा पुष्कळसा एकच. भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आठ मूलद्रव्यं आहेत: अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, शिसं, पारा आणि सेलेनियम. रंगाच्या एका किलोमागे आर्सेनिक २५ मिलिग्रॅम, पारा ६०, शिसं ९० यापेक्षा जास्त पाझरता कामा नये. पाझरणं मोजायचं कसं? खेळण्यावरचा रंग खरवडून त्याची भुकटी करायची आणि ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायची. आम्ल पोटातल्यासारखं, तापमान ३७ अंश. तासभर ते हलवत राहायचं, तासभर तसंच ठेवायचं, मग गाळून आत काय उतरलं ते बघायचं. प्रयोगशाळेच्या बाटलीत एका लेकराचं पोट तयार केलेलं असतं, दोन तासांपुरतं. आमच्या भावाने हीच चाचणी घरी केली होती, फक्त गाळून बघणारं कुणी नव्हतं.

दुसरी चाचणी याहून साधी. धातूची एक छोटी नळी, व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका. मुलाच्या घशाच्या मापाची. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग, न दाबता, त्या नळीत पूर्ण मावला की खेळणं नापास. भातुकलीतलं उखळाचं मुसळ, पोळपाटाबरोबरचं बोटभर लाटणं, चुलीवरची तवली यांतलं बरंच काही त्या नळीत सुखाने आडवं होईल. भातुकली तीन वर्षांपुढच्यांसाठी आहे असं खोक्यावर लिहायचं, हा त्यावरचा उपाय. पण तीन वर्षांच्या ताईला दीड वर्षाचा भाऊ असतोच.

या सगळ्याला जगभर धार आली २००७ सालच्या ऑगस्टमध्ये. मॅटेल या अमेरिकी कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी परत मागवली, रंगात शिसं निघालं म्हणून. पाठोपाठ सुट्या होणाऱ्या लोहचुंबकांपायी आणखी कोटभराहून अधिक. फोशान शहरातल्या ज्या कारखान्याने ती रंगीत खेळणी बनवली होती त्याचे एक मालक, झांग शुहोंग, यांनी त्याच महिन्यात कारखान्याच्या गोदामात जीव दिला. रंग त्यांनी विकत घेतला होता, ओळखीच्याकडून. पुढच्या वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला. रंगातल्या शिशाची मर्यादा सहाशेवरून नव्वदवर आणली, आणि प्रत्येक खेळण्याची मान्यताप्राप्त बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली.

आणि मग जे झालं त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कायदा केला होता लाखांनी माल काढणाऱ्या कारखान्यांसाठी. सापडले घरामागच्या खोलीत लाकडी घोडे बनवणारे अमेरिकेतले हातकारागीर. वर्षाला शंभर घोडे विकणाऱ्याने प्रत्येक नमुन्यामागे शेकडो डॉलर कुठून आणायचे? त्यांनी एकत्र येऊन आरडाओरडा केला. आधी तपासणीला मुदतवाढ मिळाली, रंग न लावलेल्या लाकडाला शिशाच्या चाचणीतून वगळलं गेलं, आणि २०११ साली कायदाच दुरुस्त झाला. लहान उत्पादकांना बऱ्याच चाचण्या बाहेरून करून घेण्यातून सूट मिळाली. पण दोन चाचण्या त्यांनाही सुटल्या नाहीत: रंगातलं शिसं आणि सुटे बारीक भाग. कारागीर कितीही लहान असो, पोट आणि घसा यांचं माप तेच राहिलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे पहिला दणका बसला २३ जानेवारी २००९ रोजी. चिनी खेळण्यांच्या आयातीवर केंद्राने एकदम सहा महिन्यांची बंदी घातली. मार्चमध्येच ती सैल झाली: ठरावीक मानकांचं प्रमाणपत्र असेल तर येऊ द्या. पुढे दहा वर्षं न्हावाशेवा बंदरात खेळण्यांचे कंटेनर उतरत राहिले. तिथून भिवंडीची गोदामं, तिथून मुंबईतली घाऊक बाजारपेठ, आणि तिथून आमच्या म्हसा गावापर्यंत. पौषी पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार म्हणून तिची ख्याती, पण पोरांना बैलांशी काय करायचंय? त्यांना शिट्ट्या मारणारा पोपट, दिवे लागणारी गाडी, टिकल्यांची बंदूक. सिद्धगडाच्या वाड्यांवरची ठाकरांची पोरंही खांद्यावर बसून यायची आणि हातात चीनमध्ये बनलेलं काहीतरी घेऊन परत जायची. मीही घेतलेलं आहे. कुठल्याच पाकिटावर कसला शिक्का बघितल्याचं आठवत नाही.

२०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातल्या आयात खेळण्यांचे १२१ नमुने तपासले. ६६.९० टक्के नापास झाले. मग चक्रं भराभर फिरली. फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं (२०२३ मध्ये ते ७० झालं), आणि त्याच महिन्यात खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. १ सप्टेंबरपासून भारतात विकलं जाणारं प्रत्येक खेळणं, चिनी असो की देशी, आयएसआय शिक्क्याचं हवं. करोनामुळे तारीख १ जानेवारी २०२१ वर गेली, एवढीच ढील.

आदेश चीनकडे बघून लिहिला होता. बाण चितारआळीतही येऊन पडला. शिक्का म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा परवाना. परवाना कारखान्याच्या जागेला मिळतो, म्हणजे आधी 'कारखाना' हवा. मग कच्चा माल येतो कुठून याची नोंद, तपासणीची सोय, नमुने, शुल्क. जिथे पुढे दुकान, मधे माजघर आणि मागच्या पडवीत लेथ, तिथे कारखाना कुठून कुठपर्यंत धरायचा? आणि केळं, भोवरा, पांगुळगाडा, बैलगाडी, पाळणा हे सगळे वेगवेगळे प्रकार. विनाशिक्क्याचा माल विकला तर ब्यूरोच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड. आळीतल्या एखाद्या दुकानातला सगळा माल मिळून तेवढ्याचा भरेल की नाही, शंका आहे.

ओरड देशभर झाली. चन्नपट्टण, कोंडापल्ली, वाराणसी सगळीकडे दुखणं एकच. डिसेंबर २०२०मध्ये, आदेश लागू व्हायला काही आठवडे उरले असताना, दुरुस्ती आली: हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी या आदेशातून वगळली. अलीकडे सावंतवाडीच्या लाकडी कामाला आणि गंजिफांना ते मानांकनही मिळालं. आळी वाचली. मला बरं वाटलं, आजही वाटतं.

पण अमेरिकेचा तो तपशील इथे आठवतो. तिथे लहान कारागिराला सूट देताना रंगाची चाचणी बाजूला काढून ठेवली होती, ही सुटणार नाही म्हणून. आपण सरसकट सोडलं. कारागिराची ऐपत बघितली, ते योग्यच. मात्र ज्याच्या पोटाच्या मापाने नियम बांधला होता त्याच्याकडे बघायचं राहून गेलं. खरवडून, आम्लात घालून बघायचा एका रंगाचा खर्च सरकारने उचलला असता तर आळीभर पुरला असता, कारण आळीत डबे सगळे दोन-तीन दुकानांतूनच येतात.

आणि ही सूट देशाच्या सीमेपर्यंतच चालते. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं की जुन्या गोव्याजवळ खोर्लीला फनस्कूलचा कारखाना आहे. ही कंपनी १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली. तिथून परदेशी जाणारं खेळणं ईएन ७१च्या सगळ्या पायऱ्या उतरून जातं, कारण ते उतरवायला माणसं आणि यंत्रं आहेत. चिताऱ्याने शंभर भोवरे जर्मनीला पाठवायचे म्हटले तर त्यालाही सीई खूण, चाचण्यांचे अहवाल, आपल्या सहीचं जबाबदारीपत्र आणि तिथल्या आयातदाराचं नाव हवं. युरोपने २०१८पासून खरवडलेल्या रंगातून पाझरणाऱ्या शिशाची मर्यादा १६० वरून थेट २३ मिलिग्रॅमवर आणली आहे. तिथला कस्टमचा माणूस विकास आयुक्तांचं कार्ड बघणार नाही. म्हणून सावंतवाडीची खेळणी परदेशी जातात ती मुख्यतः पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांच्या बॅगेतून, साडीच्या घडीत गुंडाळून. बॅगेला कुणी शिक्का विचारत नाही.

गेल्या वर्षी मावशीच्या वर्षश्राद्धाला सावंतवाडीला गेले होते. चितारआळीत एका दुकानात केळं मागितलं. दुकानदाराने विचारलं, "खेळूक व्हया काय शोकेसात ठेवूक?" हा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नव्हतं. आता फळांची परडी 'शोपीस' म्हणून विकली जाते. चौदा वर्षांखालच्या मुलाने खेळण्यासाठीची वस्तू म्हणजे खेळणं, ही कायद्यातली व्याख्या. शोपीस म्हटलं की सगळे नियम बाजूला होतात.

म्हटलं, खेळायला. भाच्याची मुलगी आहे, दहा महिन्यांची.

"मगे ह्यां नको," म्हणून त्यांनी केळं परत परडीत ठेवलं आणि लाखेचा एक खुळखुळा काढून दिला. मी रंगाचं विचारलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वदपेक्षा जास्त शिसं नको, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे आणि ते डब्यावर छापावं लागतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मागच्या पडवीत जाऊन ते पिवळ्या रंगाचा अर्धा डबा घेऊन आले. "बघा, हेच्यार लिवलेला आसा."

डब्याच्या अंगावर रंगाचे ओघळ येऊन वाळले होते, नेमके त्याच अक्षरांवर. त्यांनी डबा उजेडाकडे धरला, अंगठ्याच्या नखाने वाळका पिवळा खरवडला, नख धोतराला पुसलं आणि पुन्हा खरवडू लागले.